मॅट्रिक झालो की

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी फसवलं म्हणायला नको. मी मॅट्रिक नाही. लोणावळ्यात बावीस वर्षं मी मॅट्रिकचा क्लास चालवला. माझ्या हाताखालून गेलेली माणसं कचेऱ्यांत, रेल्वेत, शाळांत चिकटली, एक तर मुन्सफ होऊन मोटारीतून भेटायला आला. आमचं घोडं मात्र अडलं ते अडलंच. 'मॅट्रिकच्या परीक्षेबद्दल लिहा, तुमच्याइतका अनुभव कुणाला असणार' असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मला हसू फुटलं. अनुभव आहे खरा. चार वेळा फॉर्म भरला आहे.

पोटाचा धंदा वेगळाच. लोणावळ्याच्या यार्डात मी नंबरटेकर होतो. मालगाडी येऊन थांबली की वही-पेन्सिल घेऊन तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं आणि एकेका वाघिणीचा, म्हणजे मालडब्याचा, नंबर टिपून घ्यायचा, हे ते काम. पावसात वही सदऱ्याखाली धरायची, थंडीत बोटं काखेत. दिवसभर आकडे लिहिणारा माणूस गणितात नापास होतो कसा, असं आमचे स्टेशनमास्तर येता-जाता विचारायचे. मी म्हणायचो, साहेब, पेपरात वाघिणी मोजायला देत नाहीत, त्याला मी काय करू?

त्या वेळची मॅट्रिक म्हणजे काय चीज होती हे आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही. परीक्षा युनिव्हर्सिटीची, वर्षातून एकदा, मार्चात. आम्हा लोणावळेकरांना सेंटर पुण्याचं. सगळे विषय एका दमात सुटले पाहिजेत. एका विषयात गेलात की सगळ्यांत गेलात, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी पहिल्यांदा गणितात गेलो. दुसऱ्यांदा गणितात गेलो. तिसऱ्यांदा गणित कसंबसं सुटलं, तर ज्या संस्कृताच्या जिवावर मी मिशीला पीळ देत होतो त्या संस्कृतानं दगा दिला. निकाल वर्तमानपत्रात यायचा, नुसते नंबर, पास झालेल्यांचे. आपला नंबर सापडला नाही की माणूस अलीकडचा बघतो, पलीकडचा बघतो, मग छापखान्याला शिव्या देतो. मी तिन्ही वेळा दिल्या.

आणि या मॅट्रिकच्या खुंटीवर मी माझं सगळं आयुष्य टांगून ठेवलं होतं. मॅट्रिक झालो की क्लार्काची जागा. मॅट्रिक झालो की क्वार्टर. मॅट्रिक झालो की लग्न. आई आमच्या गावी उर्शाला, शेतीभाती भावाकडं. मी सुट्टीला गेलो की ती मुलींची गोष्ट काढायची आणि मी मॅट्रिकची. एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, त्या मॅट्रिकला कुनी पोरगी असंल तर तिच्याशीच लाव लगीन." भावजय तोंडाला पदर लावून हसत राहिली, आणि मी दोन दिवसांची सुट्टी एका दिवसात आटोपती घेतली.

क्लास सुरू झाला तो एका फायरमनमुळं. घाटात विजेची इंजिनं यायच्या आधीची गोष्ट. तुकाराम त्याचं नाव. कोळशाच्या धुरात छाती भरून यायला लागली म्हणून त्याला कचेरीत बसायची नोकरी हवी होती. तो कोळशाच्या फावड्यावर खडूनं स्पेलिंगं लिहायचा, घाट चढेपर्यंत पाठ करायचा आणि वर आला की फावडं मला दाखवायचा. मी यार्डात उभ्या उभ्या त्याला शिकवलं. तो पहिल्याच फटक्यात पास झाला, पेढे घेऊन आला आणि चारचौघांत नापास माणसाच्या पाया पडला. तेव्हापासून लोक मला मास्तर म्हणू लागले.

मग लाकडाच्या वखारीमागची एक लांबट खोली मिळाली. ड्यूटी बदलली की क्लासची वेळ बदलायची. माझे विद्यार्थी सगळे बाहेरून बसणारे, एक्स्टर्नल म्हणत त्यांना. पोस्टातला शिपाई, दुकानातला गुमास्ता, दोन मुलांचा बाप असलेला कंपाउंडर. आता नापास मास्तराकडं लोक का येत, हे मलाही बरीच वर्षं कोडं होतं. मग एकदा कळलं. पास झालेल्याला रस्ता ठाऊक असतो, पण ठेच कुठं लागते ते ठाऊक नसतं. मला सगळे दगड तोंडपाठ होते. पेपर हातात पडला की आधी पाणी प्या. मग पेपर पुरा वाचा. येतो तो प्रश्न आधी घ्या. अवघड गणित सोडून देऊ नका, मांडून तरी ठेवा, कारण मार्क पायऱ्यांना असतात. इंग्रजी निबंधात वाक्य वीतभर लिहा, हातभर लिहिलंत की त्यात व्याकरण बुडून मरतं. एवढ्यावर मी निम्मा क्लास पार केला.

सगळेच काही पास व्हायला येत नसत. कार्ल्याकडचे एक बड्या घरचे नाना होते. सात वर्षं ओळीनं बसले. हुशार माणूस, पण पेपरात अर्धं लिहून उठायचे. मला उलगडाच होईना. पुढं त्यांनीच सांगितलं, की 'नाना अभ्यासाला बसलेत' म्हटल्यावर घरात कुणी त्यांना शेताकडं पाठवत नसे, चहा जागेवर येई, बायकोसुद्धा हळू बोले. आठव्या वर्षी कसे कोण जाणे, चुकून पास झाले. मी अभिनंदन करायला गेलो तर सुतकी तोंडानं म्हणाले, मास्तर, तुम्ही माझं वाटोळं केलंत.

अशा गमती हव्या तितक्या सांगता येतील. अनसूयाची गोष्ट लिहावी की नको, याचा मात्र पंधरा दिवस विचार करतोय. पण तिला वगळून माझ्या क्लासची हकीकत लिहिली तर ती लबाडी होईल.

तुंगार्लीच्या बाजूला मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता. धोंडिबा येवले तिथं माळी, आणि अनसूया त्याची मुलगी. अकराव्या वर्षी तिचं लग्न पवन मावळात झालं होतं. चौदाव्या वर्षी नवरा तापानं गेला आणि ती बापाकडं परत आली. माझ्याकडं आली तेव्हा बावीस वर्षांची होती. मराठी सातवी पास. शेटजींच्या सुनेनं टाकून दिलेली पुस्तकं वाचून वाचून तिनं इंग्रजी इतकं केलं होतं की मी चाट पडलो. उच्चार मात्र सगळे मनचे.

पुण्यात मुलींच्या एका संस्थेनं तिला सांगितलं होतं, मॅट्रिक होऊन ये, वसतिगृहात जागा देऊ, पुढं शीक आणि शिकव. इकडं सासरचा मोठा दीर टपून बसला होता. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली, घरात फुकट राबायला बाईमाणूस हवं होतं. धोंडिबानं त्याच्याकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "मास्तर, एक डाव बसू द्या तिला. पास झाली तर तिचं नशीब. न्हाई झाली तर वैशाखात दीर न्यायला येनार. मी सबूद दिलाय."

म्हणजे एकच संधी. आणि बाईसाहेबांचं गणित माझ्याहून कच्चं.

दीड वर्षाचं काम आम्ही नऊ महिन्यांत केलं. भूमितीचा सिद्धान्त ती घडाघडा म्हणायची आणि मग मध्येच थांबून विचारायची, पण मास्तर, हे असं का? मला कधी कुणी असं विचारलं नव्हतं. मीही कधी कुणाला विचारलं नव्हतं. पाठ करायचं आणि ओकायचं, एवढंच मला ठाऊक. मग यार्डात वाघिणींचे नंबर टिपता टिपता मी तिच्या 'का'चा विचार करायचो आणि दुसऱ्या दिवशी सांगायचो. खरं बोलायचं तर गणित मला समजलं ते तिला शिकवताना. तोवर मी नुसताच मास्तर होतो.

आणि मला ती आवडू लागली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे लिहायला लाज कसली? ती यायच्या दिवशी मी टोपी झटकून घालायचो, ती नाही आली की पोस्टातल्या शिपायावर उगाच खेकसायचो. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो बिचारा निमूट ऐकून घ्यायचा. तसं पाहिलं तर अडचण कुठलीच नव्हती. आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे. आमची उर्शाची माणसं आणि धोंडिबाची माणसं एका पंगतीला बसणारी. मी बत्तीस वर्षांचा, बिनलग्नाचा. पण ती उद्या मॅट्रिक होणार आणि मी नॉन-मॅट्रिक, अशा तोंडानं विचारायचं कसं? मी ठरवलं, यंदा आपणही चौथ्यांदा फॉर्म भरायचा. निकाल लागला की धोंडिबाकडं जायचं. तिनं पुण्यात शिकावं, मी पुण्याला बदली मागावी, इथपर्यंत मनात सगळं मांडून ठेवलं होतं. मॅट्रिक झालो की विचारू. जुनी सवयच ती.

परीक्षेचे दिवस आले. पुण्यात तिचं कुणी नव्हतं, म्हणून रोज गाडीनं जाऊन यायचं ठरलं. धोंडिबानं तिला स्टेशनावर आणून सोडायचं, ती बायकांच्या डब्यात, मी पुरुषांच्या, पुण्यात टांग्यानं तिला तिच्या सेंटरवर पोचवायचं आणि मग मी माझ्या सेंटरवर. गावाला बोलायला तेवढंच पुरे होतं, पण धोंडिबानं कुणाकडं लक्ष दिलं नाही.

आता घड्याळाचं सांगतो, कारण सगळं तिथं बिघडलं. त्या काळी मुंबईचा टाइम वेगळा होता. रेल्वेत, पुण्यात आणि आमच्याकडं स्टँडर्ड टाइम, आणि मुंबईचं घड्याळ त्याच्या एकोणचाळीस मिनिटं मागं. मुंबईचे शेट लोक हवा खायला लोणावळ्याला येत ते आपला टाइमसुद्धा बरोबर घेऊन येत. बंगल्याच्या दिवाणखान्यातलं घड्याळ मुंबई टाइमावर चाललं पाहिजे अशी शेटजींची शिस्त, मग ते तिथं असोत नाहीतर नसोत. धोंडिबाच्या खोलीत दुसरं घड्याळ नव्हतं. पण त्यांची त्यात काही अडचण होत नसे. अनसूया लहानपणापासून खिडकीतून ते घड्याळ बघायची आणि मनात एकोणचाळीस मिनिटं मिळवायची. तिचं कधी काही चुकलं नाही.

मला मात्र अतिशहाणपणा सुचला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी धोंडिबाला म्हटलं, शेटजी काही मे महिन्याशिवाय येत नाहीत, तोवर घड्याळ स्टेशनच्या टाइमाला लावू या. परीक्षेच्या धांदलीत पोरीच्या डोक्याला आणखी एक बेरीज कशाला? तो का-कू करत होता. मीच स्टुलावर चढलो आणि काटे पुढं सरकवले. अनसूयाला बजावलं, आता मिळवायचं काही नाही, दिसेल तो टाइम खरा.

पहिले तीन दिवस झकास गेले. चौथा पेपर गणिताचा.

आमची गाडी सव्वासातची पॅसेंजर. बापलेक रोज सातच्या आत स्टेशनावर हजर असत. त्या दिवशी सात वाजले, सात दहा झाले, दोघांचा पत्ता नाही. गाडी लागली. माझं हॉल तिकीट वरच्या खिशात, पेन्सिली तासून तयार. त्या वर्षी मला गणिताची भीती राहिलीच नव्हती. उलट पेपर कधी हातात पडतो असं झालं होतं. गार्ड ओळखीचा. त्यानं शिट्टी तोंडाशी नेली आणि मला हातानं खुणावलं, चढ. मी पायरीवर पाय ठेवला, गाडी हलली, आणि मी उतरलो. विचार करून उतरलो असं म्हणणार नाही. पाय उतरले.

बाजार ओलांडून तुंगार्लीच्या रस्त्याला लागलो, तर समोरून ती येत होती. एकटी, सावकाश, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत. मला बघून थबकली आणि हसली.

"मास्तर, तुमी हितं कसं? गाडीला अजून लय येळ हाय की."

मी सांगितलं, गाडी गेली. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. रस्त्याच्या कडेला तिथंच मटकन खाली बसली. मग हळूहळू उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी शेटजी पाहुणे घेऊन अचानक येऊन थडकले होते. घड्याळ पुढं दिसल्यावर त्यांनी धोंडिबाची हजेरी घेतली आणि स्वतःच्या हातानं काटे मागं घेतले. धोंडिबाला ती बोलणी खाल्ल्याची लाज वाटली, म्हणून तो घरी काही बोलला नाही. पहाटेपासून पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी तापवत होता, म्हणून तिच्याबरोबर आला नाही. आणि तिनं, मी शिकवलं होतं तसं, काही न मिळवता दिसेल तो टाइम खरा धरला. शेटजींना बोल लावण्यात अर्थ नव्हता. घड्याळ त्यांचं होतं. मी हात लावला नसता तर ती सवयीनं वेळेवर आली असती.

पुढची गाडी नऊला, ती अकराला पुण्यात. पेपर अकराला. अर्ध्या तासापर्यंत उशीर झालेल्यांना आत घेत, त्यानंतर नाही. तिचं सेंटर पुण्याच्या लष्कर भागातल्या एका मुलींच्या शाळेत, माझं नदीपलीकडं. मी प्रत्येक स्टेशनावर उतरून बायकांच्या डब्याच्या खिडकीशी जाऊन येत होतो. कामशेतला तिनं एक सूत्र विचारलं. तळेगावला तेच पुन्हा विचारलं. चिंचवडला नुसते खिडकीचे गज धरून बसली होती.

गाडी दहा मिनिटं उशिरा पोचली. बाहेर टांगे दोन उभे होते. खोटं कशाला बोलू? तिला एकात बसवून मी दुसऱ्यात बसलो असतो तर कदाचित दोघांनाही पेपर मिळाला असता. पुढं पुष्कळ वर्षं मी हे गणित मांडून बघितलं, दर वेळी ते दोन-चार मिनिटांवर येऊन अडतं. पण तिला शब्द फुटत नव्हता. टांगेवाल्याला शाळेचं नावही तिला सांगता आलं नसतं, आणि दाराशी कुणी हटकलं असतं तर ती माघारी फिरली असती. वैशाख दीड महिन्यावर होता. मी तिच्या टांग्यात चढलो.

अकरा सव्वीसला फाटकाशी उतरलो. तिथल्या मुख्य बाईंनी घड्याळ बघितलं, मग तिच्याकडं बघितलं, आणि बाजूला झाल्या. आत जाता जाता अनसूया वळली. "तुमचा पेपर, मास्तर?"

मी म्हटलं, "आमच्याकडं बारापर्यंत घेतात. तू पळ."

मी नदीपलीकडं गेलो नाही असं नाही. गेलो. बारा वाजायला आले होते. शिपाई फाटकाला टेकून तंबाखू मळत होता, त्यानं मला काही विचारलंसुद्धा नाही, नुसती मान हलवली. पेपर सुटेपर्यंत मी समोरच्या झाडाखाली बसून राहिलो. मग एका पोराकडून पेपर मागून घेतला आणि त्याच्याच दौतीत बोट बुडवून हाताला शाई लावून घेतली, कारण कोरी बोटं तिच्या नजरेतून सुटली नसती. स्टेशनावर भेटली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. सहा प्रश्न पुरे केले होते. माझा कसा गेला म्हणून विचारलं. मी म्हटलं, बरा.

परतीच्या गाडीत गुडघ्यावर वही घेऊन मी तो पेपर पहिल्यापासून सोडवला. तळेगाव यायच्या आत संपला. घरी जाऊन उत्तरं पुन्हा ताडून बघितली, एकूण एक बरोबर. इतका सोपा पेपर मला उभ्या जन्मात आला नव्हता, आणि मी त्याला बसलो नव्हतो. उरलेले पेपर मी दिले. तिला रोज न्यायचंच होतं, नुसतं बाहेर बसून तरी काय करायचं?

निकाल लागला तेव्हा ती वर्तमानपत्र घेऊन वखारीमागं धावत आली. मागून धोंडिबा. तिचा नंबर होता. धोंडिबानं माझे दोन्ही हात धरले, आणि मग म्हणाला की दिराला निरोप धाडलाय, आता हिकडं यायचं कारन न्हाई. मी इतका खूश झालो की क्षणभर माझं मी विसरलो. मग तिनं विचारलं, तुमचा नंबर कोणचा? मी सांगितला. ती बोटानं रकाना उतरत गेली. दोनदा उतरली. मग वर्तमानपत्राची घडी घातली.

"गनितातच गेलं असंल, व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तिच्या आयुष्यातला तो पहिला आनंदाचा दिवस, त्यात मी कुठं विष कालवू? आणि दुसरंही होतं. आज सांगितलं की मी तुझ्यासाठी पेपर सोडला, आणि उद्या विचारलं की माझ्याशी पाट लावतेस का, तर ते विचारणं राहत नाही, ती उपकाराची वसुली होते. ती नाही म्हणू शकली नसती. म्हणून मी गप्प बसलो. तिनं वर्तमानपत्र काखेत धरलं. मग म्हणाली, "तुमी माझं गनित काडलं, आता मी तुमचं काडते. पुन्याला जाईपतुर रोज या. मी शिकवते तुमाला."

तिला जायला अठरा दिवस होते. अठराही दिवस मी गेलो. बंगल्यामागं फणसाखाली धोंडिबानं घोंगडी अंथरून ठेवलेली असे. मी शिकवलेलं ती मला शिकवायची, माझ्याच शब्दांत. पेपर हातात पडला की आधी पाणी प्यायचं, असं मला बजावून सांगायची. मी मान डोलवायचो. बरोबर उत्तर लिहिलं की पाठ लवकर संपायचा, म्हणून मी मुद्दाम चुकायचो. कधी अधिकचं उणे करायचो, कधी कोन उलटा मांडायचो. ती कपाळाला हात लावायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची, न चिडता. एवढी चांगली मास्तरीण मी पुढं पाहिली नाही. आयुष्यातले कुठले दिवस परत मागून घेशील असं देवानं विचारलं, तर मी तेवढे अठरा मागेन. बाकीचे त्यानं खुशाल ठेवून घ्यावेत.

अठराव्या दिवशी तिनं वही मिटली आणि म्हणाली, आता तुमी पास हुनार, मास्तर. दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा मी ड्यूटीवर होतो. पॅसेंजर सुटली आणि मी मालगाडीच्या पलीकडच्या अंगाला, वाघिणींच्या आड. नुसता आवाज ऐकला. चार नंबर टिपायचे राहिले आणि त्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली, माझ्या नोकरीतली ती एकच.

पुढच्या वर्षी मी फॉर्म आणला, पण भरला नाही. सव्वासातच्या त्या गाडीत बसायला मन घेईना. निकाल लागला की दर वर्षी तिचं कार्ड यायचं. खुशाली असे, तिकडच्या मुलींच्या चार गोष्टी असत, आणि शेवटी असे, तुमचा नंबर शोधला, दिसला नाही, यंदा बसला होतात का? मी कळवायचो, यंदा रजा मिळाली नाही. अशी सहा वर्षं गेली. मग आई थकली, हट्टाला पेटली, आणि मी मॅट्रिक न होताच लग्न केलं. अनसूयाला पत्रिका पाठवली. त्यानंतर कार्ड आलं नाही. पुढं नगरकडं कुठल्याशा शाळेत ती मुख्याध्यापिका होती एवढं ऐकलं.

बायको वडगावची, भागीरथी. तिच्याबरोबर माझा संसार चांगला झाला, तक्रारीला जागा नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. त्याच्या बऱ्याच आधी एकदा ट्रंक आवरताना तिला ती कार्डं सापडली. तिला जेमतेम वाचता येत असे. तिनं कुणाची म्हणून विचारलं आणि मी काही न लपवता सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलं तसं. मला वाटलं रुसेल. तिनं कार्डं मांडीवर घेतली.

"विचारायला काय धाड भरली हुती तुमाला?" ती म्हणाली.

म्हटलं, मी मॅट्रिक नव्हतो.

तिनं एकेक कार्ड उलटून माझ्यासमोर ठेवलं आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं. सहा वर्षं, सहा कार्डं. अनसूया धोंडिबा येवले. बापाचं नाव, माहेरचं आडनाव, एकदाही बदललेलं नाही.

"बाईमानूस ह्याच्यावर आनखी काय लिहिनार?" ती म्हणाली.

आणि मी त्या प्रत्येक कार्डाला उलट टपाली कळवलं होतं, की यंदा रजा मिळाली नाही.